बिनखळग्याचे पाय

आमच्या घरात शकुन-अपशकुन कोणी मानत नाही. मानत असते तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. मानणाऱ्यांशी भांडता येतं. तोंडावर बोलणाऱ्याला तोंडावर उत्तर देता येतं, आणि भांडणात मी आजवर कोणाला हार गेलेली नाही. पण जे मानतच नाहीत, त्यांच्याशी काय डोंबल भांडणार?

माझे तळपाय सपाट आहेत. जन्मापासूनच. तळव्याच्या मध्ये जो खळगा असतो तो मला मिळालाच नाही. देवाच्या माथी मारावं तर देव आम्ही मानत नाही, म्हणून मी तो दोष आईच्याच माथी मारते आणि ती हसून ऐकून घेते. ओल्या पायांनी फरशीवर चाललं की बाकीच्यांची टाच उमटते, कडेची पट्टी उमटते आणि पुढे चवडा. माझं पाऊल भाकरी थापल्यासारखं अख्खं उमटतं.

नाकाडोंगरीला, माझ्या माहेरी, या पायांकडे कोणी कधी पाहिलं नाही. याच पायांनी मी आईबरोबर रानात तेंदूपत्ता तोडायला गेले, याच पायांनी सायकल मारत तुमसरला कॉलेजात गेले. बाप तुलाराम, खाणीत कामाला. त्याला पोरीच्या पायांपेक्षा पोरीच्या मार्कांची फिकीर जास्त. पाय दिसायला लागले ते लग्नाचं वय झाल्यावर. पाहुणे आले की त्यांच्यातली एखादी जाणती बाई हमखास म्हणायची, "पोरीच्या हातून पाणी पाठवा वो, हातपाय धुतो." मी गडवा घेऊन ओट्यावर जायची, पाणी द्यायची, माझेही पाय ओले व्हायचे आणि परत आत जाताना फरशीवर पावलं उमटायची. ते पाणी हातपाय धुण्यासाठी मागतच नाहीत, हे मला दुसऱ्या स्थळाच्या वेळी कळलं. दोन्ही स्थळांचा निरोप सारखाच आला. पोरगी पसंत आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे कोणी काही बोललं नाही.

तिसरं स्थळ पवनी तालुक्यातल्या आसगावचं. परसराम रामटेके गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, त्यांची बायको पार्वताबाई, थोरला मुलगा संघपाल आणि पार्वताबाईंची बहीण रुखमा मावशी. पाणी अर्थातच रुखमा मावशीने मागितलं. मी पाणी देऊन आत वळले, तोच मागून तिचा आवाज आला.

"अवो पार्वता, पाहून घे. पोरीच्या पायाले खड्डाच नाही. ज्या बाईच्या पावलाखालून मुंगी जात नाही, ते बाई घराले लाभत नाही म्हणतेत."

माझी आई धावली आणि पदराने फरशी पुसू लागली. ते दृश्य मला अजून दिसतं. पाहुण्यांसमोर गुडघ्यावर बसून माझी आई माझी पावलं पुसत होती. बाप खाली मान घालून सुपारी कातरत होता. आणि मग गुरुजी बोलले, वर्गात बोलत असतील तशा आवाजात.

"राहू द्या बाई, पुसू नोका. रुखमाबाई, छप्पन साली माह्या आज्यानं घरातले समदे देव फडक्यात बांधले अन वैनगंगेत नेऊन टाकले. आता त्याचा नातू पोरीच्या पायाले खड्डा हाय का नाही, हे पाहत बसन का? तुलारामजी, बाकी कोणाचं काही असो, पोरगी आमची झाली."

खरं सांगते, त्या दिवशी मला नवरा नंतर आवडला, सासरा आधी आवडला.

आसगावला आले तेव्हा माझ्याआधी माझे पाय गावभर फिरून झाले होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हा किस्सा जिथे तिथे सांगायचे. बुद्धपौर्णिमेला विहारात, कोणाच्या लग्नात, एकदा तर ग्रामसभेत. "अंधश्रद्धा घरातून काढा म्हणता? माह्या घरी येऊन पाहा. माह्या सुनेचा पाय सपाट हाय, अन माह्या घरात भरभराट हाय." लोक टाळ्या वाजवायचे आणि हळूच माझ्या पायांकडे पाहायचे. मला कधीकधी जत्रेतल्या दोन तोंडांच्या वासरासारखं वाटायचं. पण राग येत नव्हता. इतक्या अभिमानाने माझ्याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं, अगदी माझ्या मार्कांबद्दलही नाही.

संघपाल पवनीत एका कृषी केंद्रात कामाला होता आणि घरची धानाची शेती पाहायचा. बोलायला कमी, हसायला जास्त. पहिल्याच पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत माझी टाच सुजली. धानाची रोवणी म्हणजे दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभं राहायचं, आणि सपाट पाय तेवढं उभं राहू देत नाहीत. तो मला एसटीने भंडाऱ्याला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने तळवे दाबून पाहिले आणि म्हणाला, "फ्लॅट फूट आहे. शेकडो लोकांना असतं. चपलेत आतून उंच सोल घाला." एवढंच. कोणाच्या घराचं काय होईल याबद्दल तो काहीच बोलला नाही.

परतीच्या बसमध्ये संघपाल मोबाईल काढून बसला. त्याला शब्द शोधायची खोड होती, मास्तरचा मुलगा ना.

"पाह्य वो, इंग्रजीत याचा दुसरा अर्थ बी हाय. फ्लॅट-फुटेड म्हंजे बेसावध सापडलेला माणूस. एकदम काही झालं का ज्याले हलाचं बी सुचत नाही, तसा."

"म्हणजे मी?"

"मंग का मी?" म्हणाला, आणि भंडारा ते पवनी, मी जरा खिडकीबाहेर पाहिलं की कमरेत बोट खुपसून म्हणायचा, "पाह्य, सापडली बेसावध." अख्खी बस पाहत होती. मी त्याला लटकी चापट मारली आणि मनात म्हटलं, रत्नमाला, तुझं नशीब उघडलं.

इंग्रजांचा अर्थ मला आपल्यापेक्षा बरा वाटला. त्यांच्याकडे सपाट पायाचा माणूस स्वतः पडतो. आपल्याकडे त्याच पायाची बाई उभीच राहते आणि तिच्या शेजारचा पडतो. आपला तर शब्दही तयार आहे, पांढऱ्या पायाची. अख्खा आषाढ माझे पाय चिखलाने काळे असतात, पण लोकांना ते पांढरेच दिसतात.

दुसऱ्या वर्षीच्या रोवणीत ते झालं. चिखलात ते सोल घालता येत नाहीत. दुपारी टाच ठणकायला लागली म्हणून मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून संघपालला फोन केला. तो गोळ्या आणि थर्मासमध्ये चहा घेऊन मोटरसायकलने आला. आभाळ भरून आलं होतं, पण रोवणीत आभाळ रोजच भरून येतं. रोपांच्या दोन पेंढ्या उरल्या होत्या त्या लावून येते म्हणून मी पुन्हा बांधीत, त्या धानाच्या चिखलात, उतरले. तो धुऱ्यावर थर्मास उघडत उभा होता. मग सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला. बाया चिखलात उताण्या पडल्या, कोणी रडत होतं, मी कशी कोण जाणे उभीच होते. आणि तो पडला होता. त्याला हलायलाही सुचलं नव्हतं. बसमधला तो शब्द मला तिथेच, त्या चिखलात आठवला, आणि मी स्वतःचाच गाल बडवून घेतला.

आता गावाने हिशेब लावला नसता तरच नवल. पोरगा शेतात आला कशाला? बायकोच्या पायासाठी. पाय कसे? सपाट. झालं गणित. वीज कोणाची टाच पाहून पडत नाही, हे मला माहीत आहे. त्या दिवशी धुऱ्यावर दुसरं कोणी असतं तर ते गेलं असतं. हे मी कोणालाही पटवून देऊ शकले असते, कोणी विचारलं असतं तर.

पण मामाजींनी विचारायची सोयच ठेवली नाही. संघपालच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी सगळा गाव मांडवात बसला होता. म्हातारा माणूस, तरणाबांड पोरगा गेलेला. तरी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "माह्या सुनेच्या बांगड्या कोणी फोडणार नाही. तिचं कपाळ कोणी पुसणार नाही. अन तिच्या पायावरून कोणी एक शब्द बोललं, तर त्यानं माह्या घरची पायरी चढू नये." मी डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून रडले. नवरा गेल्याच्या दुःखात मला त्या क्षणी इतका आधार वाटला की त्याची लाज वाटावी.

त्या दिवसापासून गाव गप्प झालं. आणि गप्प राहूनही जे करायचं ते करू लागलं.

सगळं मायेने व्हायचं. अंगणातलं सडा-सारवण आधी माझं काम होतं, ते आई, म्हणजे सासूबाई, करू लागल्या. "तुही टाच दुखते न, राहू दे." पेरणीचं बी घरातून काढायला मी उठले तर, "तू बस, दमली असशील." शेजारी बाळ झालं, मी पाहायला निघाले, तर बाळंतिणीची सासू दारातच, "आत्ताच झोपला वो, उद्या येजो." ते बाळ महिनाभर आत्ताच झोपलेलं होतं. मी कोणाला काय म्हणू? 'तुम्ही मला अपशकुनी समजता' म्हटलं असतं, तर जीभ चावून म्हणाल्या असत्या, "बापा बापा, आम्ही कुठी मानतो?" छप्पन सालीच सगळं वैनगंगेत गेलं ना!

आमच्या पलीकडे चंद्रभान कोष्ट्याचं घर. ते मूळचे पवनीचे, मागावर विणणारे, देवाधर्माचे. त्यांची सून रेणू माझ्याच वयाची. ती लग्न होऊन आली आणि महिनाभरात चंद्रभानजींना लकवा मारला. त्यांच्याकडे काय भांडण झालं म्हणता! तिची सासू, कौशल्याबाई, भर अंगणात ओरडली, "तुह्याच पायगुणानं झालं!" रेणूही काही कमी नाही. तिने सासूची सात पिढ्यांची कुंडली मांडली. गल्ली गोळा झाली. मग कोणीतरी उपाय सांगितला, एका ठिकाणी जाऊन हळदीच्या पाण्यात पाय धुतले, पाच सवाष्णी जेवू घातल्या, आणि दोष उतरला. चंद्रभानजी अजून खाटेवरच आहेत, पण रेणू मोकळी झाली. आता हळदीकुंकवाला तीच पुढे असते.

एकदा दुपारी कौशल्याबाईंनी मला हाक मारली. बाई तोंडाची फाटकी, पण मनाची नाही.

"पोरी, तुह्याकडे पाहवत नाही माह्याच्यानं. काहून अशी जाळून घेऊन राहिली जीवाले? माह्यासंगं चाल एक दिवस. हळदीचं पाणी पायावर घेतलं का झालं. मी नेतो तुले. कोणाले सांगाचं बी काम नाही."

"मावशी, आम्ही मानत नाही."

"तू नको मानू वो. पण गाव तं मानते न? गावासाठी कर."

मी नाही म्हणू शकले नाही. रात्रभर विचार केला. हळदीच्या पाण्याने काही होत नाही हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरीही ते पाणी मला हवं होतं. पाच बायका जेवून जातील, ढेकर देतील, आणि 'झालं बाई, सुटली' म्हणतील. मला फक्त तेवढंच ऐकायचं होतं, कोणाकडून तरी. मी जायचं ठरवलं. सकाळी जेवायला वाढताना मामाजींनी ताट पुढे ओढलं नाही. माझं ताट वाढून होईपर्यंत थांबले. संघपाल गेल्यापासून ते रोज थांबत. म्हणाले, "घे पोरी, तू आधी." आणि मला कळलं की मी जाऊ शकत नाही. माणसाने सगळ्या गावासमोर माझ्या पायांची जामीनकी घेतली होती. मी ते पाय हळदीत बुडवले असते तर तो एका क्षणात खोटा पडला असता.

मी कौशल्याबाईंना नाही म्हणून सांगितलं. त्यांना कारण लगेच कळलं.

"सासऱ्यासाठी नाही म्हणून राहिली का? बरं हाय मंग. तो माणूस तुह्याकडून उभा हाय तोपर्यंत तुले भेव नाही."

ते खरंच होतं. बाकी सगळे कुजबुजोत, एक माणूस मानत नव्हता, आणि त्या एकावर मी त्या घरात तगून होते. आईबापाकडे जाता आलं असतं, पण नाकाडोंगरीला परत जाणं म्हणजे रुखमा मावशी खरी ठरणं. ते मी जिवंतपणी होऊ देणार नव्हते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मामाजी विहारात बोलायला उभे राहिले. आजोबा, देवांचं गाठोडं, वैनगंगा, सगळं नेहमीसारखं आलं. आता माझ्या पायांचा किस्सा येणार म्हणून मी सवयीने पाय साडीत ओढून घेतले. ते थांबले. घोटभर पाणी प्यायले. आणि सरळ शिक्षणाच्या महत्त्वावर गेले. मी स्वतःला समजावलं, पोराचं नाव काढावं लागलं असतं म्हणून टाळलं असेल. बापाचं मन आहे. त्यात काय एवढं?

त्याच हिवाळ्यात अंकुशची निवड झाली. अंकुश माझा धाकटा दीर. पहाटे उठून पवनीच्या रस्त्यावर धावायचा, निमलष्करी दलात भरती व्हायचं होतं, झाला. ट्रेनिंगला राजस्थानात जायचं होतं आणि पुढे सरहद्दीवर कुठेतरी. घरात आनंद कमी आणि धसका जास्त. आईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. "एक आभाळानं नेला, आता याले बंदुकीसमोर पाठवू का?" मामाजी त्यांना समजवायचे आणि मग एकटेच अंगणात फेऱ्या मारत राहायचे.

निघायच्या दिवशी मी लवकर उठून पुऱ्या तळल्या, जवसाची चटणी कुटली, डबा बांधला. अंकुश स्वयंपाकघरात येऊन दोन पुऱ्या उभ्यानेच खाऊन गेला. "वहिनी, तिकडं असं कोण देईन वो?" म्हणाला. बाहेर पाहुणे जमू लागले होते. रुखमा मावशीही आली होती. मी हात धुऊन, साडी नीट करून बाहेर जाणार, तेवढ्यात मामाजी आत आले. स्वयंपाकघरात ते कधी येत नाहीत.

"रत्नमाला, एक काम करशील?"

"सांगा न मामाजी."

"विहारात जाऊन अंकुशच्या नावानं मेणबत्ती लाव. पाच-दहा मिनिटं बस तिथं, त्रिशरण म्हण. घाई करू नोको." मग जरा थांबून म्हणाले, "मागच्या दारानं जाय. समोर लोकांची गर्दी हाय."

मी इतकी आनंदले की त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. घरातला एकुलता राहिलेला मुलगा परगावी चालला होता आणि त्याच्यासाठीची मेणबत्ती मला लावायला सांगितली होती. आईंना नाही, मला! मेणबत्तीचं पाकीट घेऊन मी मागच्या दाराने निघाले, कोष्ट्यांच्या वाडीमागून, तळ्याच्या कडेने. टाच दुखत होती, पण त्या सकाळी ते दुखणंही मला आपलं वाटत होतं.

विहाराला कुलूप होतं. चाबी मामाजींकडे असते, शर्टाच्या खिशात, कायमची. विहाराचे सचिव तेच. दुसऱ्या कोणाकडे ती चाबी मी कधी पाहिली नाही. म्हटलं, विसरले. त्यांचं मन आज ठिकाणावर कुठलं असणार? पटकन जाऊन चाबी घेऊन यावी, आणि जमलंच तर अंकुशलाही पाहता येईल, त्याला निरोपाचं काहीच बोलले नव्हते. मागची वाट वळणाची, म्हणून मी समोरच्या रस्त्याने निघाले. अर्ध्या वाटेपासून धावतच होते.

आमच्या घरासमोर गावातल्या मनिषचा ऑटो उभा होता, तोंड माझ्याकडे करून, कारण पवनीला जायचं ते इकडूनच. अंकुश आत बसलेला, मांडीवर बॅग. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मनिषने ऑटो सुरू केला. मी हात वर केला, हातात मेणबत्तीचं पाकीट होतं, आणि जोरात ओरडले, "भाऊजी!"

सगळ्यांच्या आधी मामाजींनी पाहिलं. ते ऑटोच्या पुढे आले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी तळहात माझ्याकडे करून हात वर केला.

"थांब! रत्नमाला, तिथंच थांब! समोरून येऊ नोको!"

वर्षानुवर्षं शाळा चूप करणारा आवाज तो. मी शाळकरी पोरीसारखी जागच्या जागी थांबले. त्यांनी मनिषला सांगितलं, "गाडी फिरव. तळ्याकडून घेऊन जाय." मनिषने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे, आणि ऑटो वळवला. अंकुशने बाहेर डोकं काढल्यासारखं वाटलं. तो काही म्हणाला का, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

अंगणात कोणी हललं नाही. रुखमा मावशीने सुद्धा खाली पाहिलं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा पडला होता. त्या सगळ्यांनी मनात वाटेल ते मानलं असेल, पण तेही कुठेतरी त्या एका न मानणाऱ्या माणसाच्या भरवशावर होते, हे मला तेव्हा त्यांच्या तोंडावर दिसलं. आणि मागचं दार, 'घाई करू नोको', कुलूप लागलेलं विहार, सगळं मला एकदम कळलं. मेणबत्ती लावायचीच नव्हती. मला फक्त घरातून काढायचं होतं, मायेने, सगळे काढतात तसं.

मामाजी माझ्यापर्यंत चालत आले. वर केलेला हात त्यांना खाली घ्यायचं सुचलं नव्हतं.

"मी मानत नाही," ते म्हणाले. "रत्नमाला, मी खरंच मानत नाही, पोरी. पण आता एकच उरला हाय."

हेच रुखमा मावशी बोलली असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. गावातली कुठलीही बाई बोलली असती तरी मी तिला घरापर्यंत पोचवलं असतं. इतक्या दिवसांची साठवलेली उत्तरं माझ्या तोंडात तयार होती आणि त्यातलं एकही या माणसाला देता येत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. तो खरंच मानत नव्हता. आणि त्याने मला थांबवलं होतं. आता या जगात माझ्या बाजूने कोणी नाही, हे मला त्या रस्त्यावर, भर सकाळी, स्वच्छ उन्हात कळलं. संघपाल गेला तेव्हाही मी इतकी एकटी नव्हते.

"चाबी तुमच्या खिशातच राहिली, मामाजी," मी म्हणाले.

त्यांनी खिसा चाचपला. चाबी बाहेर काढली आणि ती कशाची आहे हे आठवत नसल्यासारखी तळहातावर धरून पाहत राहिले. मग ती माझ्यापुढे केली. मी घेतली नाही.

"गाडी गेली न?" मी विचारलं. "मग आता येऊ का घरी?"

त्यांनी आधी मागे वळून तळ्याच्या पाळीकडे पाहिलं. ऑटो दिसेनासा झाल्याची खात्री करून घेतली. आणि मग म्हणाले, "हो. आता ये."